यंत्राने चुकवलेली सम आणि नव्या विचाराचा प्रश्न

सोळामात्रा

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी गिरगावात एका गुरुजींकडे दर रविवारी तबला शिकतो. नोकरी बँकेत आणि घर कांदिवलीला असल्यामुळे आठवड्याचा रियाज बराचसा लोकलमध्ये, बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत होतो. गेल्या महिन्यात अशाच एका प्रवासात मी फोनवरच्या एआय चॅटबॉटला त्रितालातली एक नवी तिहाई रचून मागितली. त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो मला एकट्याला सुटत नाही, म्हणून येथे सविस्तर मांडत आहे.

तबला न शिकलेल्यांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. एकच बोलसमूह तीनदा वाजवून तिसऱ्या वेळचा शेवटचा 'धा' नेमका समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर आणणे, याला तिहाई म्हणतात. यातल्या प्रत्येक वेळेला पल्ला आणि दोन पल्ल्यांमधल्या विरामाला दम म्हणतात. 'तिट कता गदि गन धा' हा पाच मात्रांचा तुकडा घेतला आणि दोन्ही दम एकेका मात्रेचे ठेवले, तर पाच, एक, पाच, एक, पाच असे सतरा होतात. त्रितालाचे आवर्तन सोळा मात्रांचे असल्याने समेपासून सुरू केलेली ही तिहाई बरोबर पुढच्या समेवर संपते. ही प्रत्येक विद्यार्थ्याला सुरुवातीलाच शिकवली जाते.

चॅटबॉटने मला हाच तुकडा दिला, मात्र दुसरा दम एकाऐवजी दोन मात्रांचा ठेवला आणि खाली 'तिसरा धा समेवर येतो' असे ठामपणे लिहिले. तो समेवर येत नाही. समेवर 'गन' पडतो आणि धा एक मात्रा उशिरा, दुसऱ्या मात्रेवर येतो. हिशेब साफ चुकलेला होता.

रविवारी मी ती तिहाई गुरुजींना चुकीचा नमुना म्हणून दाखवली. त्यांनी ती पेरांवर एकदा मोजली, मग तोंडाने म्हटली, मग हातोडी बाजूला ठेवून तबला पुढे ओढला. दोन दम सारखे नसणे हा दोषच, असे तेही म्हणाले. परंतु त्यांनी ती समेपासून न उचलता आधीच्या आवर्तनाच्या सोळाव्या मात्रेपासून उचलली. आता पहिला दम ऐकल्यावर कान दुसऱ्या दमाचीही तेवढीच अपेक्षा करतो आणि त्या हिशेबाने धा समेच्या एक मात्रा आधीच पडणार, तिहाई फसणार, असे वाटू लागते. तोच दुसरा दम एका मात्रेने लांबतो आणि धा नेमका समेवर येतो. मी लेहरा, म्हणजे आवर्तन दाखवत राहणारी पेटीवरची सुरावट, धरला होता. माझे बोट पेटीवर क्षणभर थबकले. "ही लिहून ठेव," गुरुजी म्हणाले. आपण अशी तिहाई कुणाकडून ऐकलेली नाही, असेही त्यांनी सांगितले.

माझा प्रश्न असा आहे. या तिहाईतला नवा विचार कुणाचा? असमान दम यंत्राने आणले, पण ते चुकून आणले आणि आपण चुकलो हेही त्याला कळले नाही. गुरुजींनी एकही बोल बदलला नाही, फक्त सुरुवात एक मात्रा मागे नेली. कृत्रिम बुद्धिमत्ता मौलिक विचार करू शकते, असे म्हणण्यासाठी एवढे पुरेसे आहे का? नसेल, तर नेमके काय कमी पडते? 'यंत्र ते यंत्रच' किंवा 'उद्या सगळे यंत्रच करील' अशी उत्तरे मला नको आहेत.

---

पवईकर

प्रश्न इतक्या नेमक्या उदाहरणासह मांडल्याबद्दल आभार. मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून आधी तांत्रिक बाजू सांगतो.

आपण वापरलेला चॅटबॉट हे लँग्वेज मॉडेल आहे. अफाट मजकुरावरून 'आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढे काय येण्याची शक्यता किती' एवढे ते शिकलेले असते. उत्तर देताना त्या शक्यतांतून ते एकेक तुकडा निवडत जाते आणि निवडीत थोडी यादृच्छिकता मुद्दाम ठेवलेली असते. त्याच्याजवळ तिहायांची वही नसते, त्यामुळे 'कुठून तरी उतरवून दिले' हा आरोप येथे बहुधा लागू होणार नाही. पण त्याच्याजवळ सोळा मात्रांचे आवर्तनही नसते. सम त्याला ऐकू येत नाही. सम या शब्दाच्या आसपास लोक काय लिहितात, तेवढे त्याला माहीत असते. 'तिसरा धा समेवर येतो' हे वाक्य त्याने मोजून लिहिलेले नाही. तिहाईच्या खाली असे वाक्य असते, म्हणून ते आले.

एवढ्यावरून 'यंत्राला नवे सुचत नाही' असा निष्कर्ष मात्र मी काढणार नाही. मार्च २०१६ मध्ये सोलमध्ये अल्फागो हा प्रोग्राम आणि अव्वल दर्जाचे खेळाडू ली सेडोल यांच्यात गो या खेळाचे पाच डाव झाले. दुसऱ्या डावातली यंत्राची सदतिसावी खेळी पाहून अनुभवी समालोचकांना प्रथम ती चूकच वाटली. त्या स्थितीत माणूस ही खेळी खेळेल याची शक्यता स्वतः अल्फागोने दहा हजारांत एक एवढीच धरली होती. म्हणजे ही माणसांच्या वहिवाटीतली खेळी नव्हे, हे त्याच्या हिशेबात होते आणि तरीही स्वतःशी खेळलेल्या असंख्य डावांतून बनलेल्या मूल्यमापनाने ती चांगली ठरवली, म्हणून त्याने ती खेळली. आपल्या चॅटबॉटप्रमाणे ते चुकून तेथे पोहोचले नाही.

दुसरे उदाहरण गणिताचे आहे. चार बाय चारच्या दोन मॅट्रिक्सचा, म्हणजे संख्यांच्या चौकोनी तक्त्यांचा, गुणाकार नेहमीच्या रीतीने केला तर ६४ गुणाकार लागतात. १९६९ मध्ये गणितज्ञ स्ट्रासेन यांच्या युक्तीमुळे ते ४९ वर आले. बेरीज-गुणाकार फक्त ० आणि १ या दोन अंकांत करायचे असतील, तर ४७ गुणाकारांत काम होते, हे २०२२ मध्ये अल्फाटेन्सर या प्रोग्रामने शोधले. मधल्या अर्धशतकात हे कुणाही माणसाला सापडले नव्हते.

दोन्ही ठिकाणी यंत्राजवळ मोजपट्टी होती. डाव जिंकला की नाही, गुणाकार बरोबर की चूक, हे त्याचे त्याला तपासता येत होते. अशी मोजपट्टी जेथे आहे तेथे यंत्र नवे शोधते, ते नवे आहे आणि चांगले आहे हे ओळखते आणि राखून ठेवते. त्याला मौलिक विचार म्हणायचे नसेल, तर माणसाच्या कोणत्या कृतीला म्हणायचे, हे आधी सांगावे लागेल. आपल्या चॅटबॉटला सम मोजणारा एक छोटा प्रोग्राम जोडून द्या, त्याची ही चूक संपेल.

---

पार्ले_निवृत्तशिक्षिका

मी पस्तीस वर्षे संस्कृत शिकवले. तबल्यातले मला कळत नाही, परंतु आपल्या गुरुजींची हकिकत वाचताना राजशेखराची काव्यमीमांसा आठवली. हा ग्रंथ सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचा आहे. आपल्याकडे हा वाद नव्याने आलेला नाही. फक्त यंत्र नवे आहे.

राजशेखराने प्रतिभेचे दोन प्रकार केले आहेत, कारयित्री आणि भावयित्री. पहिली कवीला रचना करायला लावते. दुसरी भावकाला, म्हणजे जाणत्या रसिकाला, त्या रचनेतले मर्म दाखवते. दुसरीलाही त्याने प्रतिभाच म्हटले आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्या गिरगावच्या खोलीत जे घडले त्यात रचना कुणाची का असेना, भावयित्री प्रतिभा निःसंशय गुरुजींची होती. चुकलेली म्हणून पुढे आलेली गोष्ट त्यांनी चुकलेली म्हणून ऐकली नाही.

याच ग्रंथात भावकांचेही प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक सतृणाभ्यवहारी, म्हणजे गवतासकट सगळे खाणारा. त्याला चांगले-वाईट निवडता येत नाही, जे पुढे येईल ते तो गोड मानून घेतो. खरा तत्त्वाभिनिवेशी, म्हणजे मर्मापर्यंत पोहोचणारा, भावक हजारांत एखादाच सापडतो, असे राजशेखर म्हणतो. माझ्या नातीने मला चॅटबॉट वापरायला शिकवले, तेव्हा मी त्याला माझ्या विद्यार्थ्यांच्या काही जुन्या कविता दाखवल्या. त्याने सगळ्यांची स्तुती केली, ज्या मी स्वतः नापसंत केल्या होत्या त्यांचीही. मला तेव्हा हाच शब्द आठवला.

मात्र केवळ उसनवारीचा ठपका ठेवून यंत्राला बाद करू नये. 'नास्त्यचौरः कविजनो नास्त्यचौरो वणिग्जनः' हेही राजशेखरानेच लिहिले आहे: चोरी न करणारा कवी नाही आणि चोरी न करणारा व्यापारीही नाही. पूर्वसूरींचे घेऊन ते किती आणि कसे बदलले, यावरून त्याने कवींची प्रतवारी लावली आहे. उत्पादक, म्हणजे खरोखर नवे निर्माण करणारा, हा त्यांतला एकच प्रकार आहे. बाकीचे फिरवणारे, झाकणारे किंवा उचलून आणणारे आहेत. माणसांच्या साहित्यातही उत्पादक विरळच असतात, तेव्हा यंत्राकडून प्रत्येक वेळी तीच अपेक्षा करणे न्यायाचे होणार नाही.

---

मुलुंडचा_गणितशिक्षक

पवईकरांच्या मुद्द्याला एक जोड देतो आणि एक शंकाही मांडतो.

जोड अशी, की यंत्राने नवे शोधण्याची सुरुवात २०१६ मध्ये झालेली नाही. गणितज्ञ हर्बर्ट रॉबिन्स यांनी १९३० च्या दशकात बूलीय बीजगणिताबद्दल, म्हणजे तर्काच्या बीजगणिताबद्दल, एक प्रश्न विचारला होता. टार्स्की यांच्यासारख्या मोठ्या तर्कशास्त्रज्ञालाही तो सुटला नाही. १९९६ मध्ये विल्यम मॅक्यून यांच्या ईक्यूपी या प्रोग्रामने त्याची सिद्धता दिली. त्या सिद्धतेत अमुक ठिकाणी अमुक पायरी घ्या, असे मॅक्यून यांनी प्रोग्रामला सांगितलेले नव्हते. तसे सांगता आले असते तर प्रश्न सुटलेलाच असता.

शंका अशी. रॉबिन्स यांचा प्रश्न विचारण्यासारखा आहे, हे कुणी ठरवले? रॉबिन्स यांनी. गो हा खेळ खेळण्यासारखा आहे, गुणाकारांची संख्या कमी करणे मोलाचे आहे, हे कुणी ठरवले? माणसांनी. मोजपट्टी हातात दिल्यावर यंत्राने अधिक मोजून दाखवले, हे मला मान्य आहे. परंतु गणितातले खरे नवे विचार अनेकदा मोजपट्टीच बदलतात. शून्याला संख्या मानणे हे कोणत्याही जुन्या उदाहरणाचे अधिक चांगले उत्तर नव्हते. त्यामुळे उदाहरणेच निराळी झाली.

रामानुजन यांचे उदाहरण पाहा. त्यांच्या हाती कार यांचे एक संकलन आले, ज्यात हजारो निष्पत्ती होत्या आणि सिद्धता जवळजवळ नव्हत्या. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांचे 'प्रशिक्षण' अगदी तुटपुंज्या सामग्रीवर झाले. तरी जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पाठवलेल्या पत्रात अशी सूत्रे होती, की ती खरीच असली पाहिजेत, कारण खोटी असती तर ती रचण्याएवढी कल्पनाशक्ती कुणाजवळ नसती, असे हार्डी यांनी म्हटले. आता पार्ल्याच्या बाईंचा मुद्दा येथे लावून पाहावा. रामानुजन यांनी त्याआधी ज्या गणितज्ञांना लिहिले होते, त्यांनी दखल घेतली नव्हती. भावक हार्डी भेटला नसता, तर कदाचित त्या वह्या मद्रासमध्येच पडून राहिल्या असत्या. परंतु म्हणून त्यांतला विचार हार्डी यांचा ठरत नाही. भावयित्री प्रतिभेचे मोल मान्य करूनही, यंत्राच्या बाबतीत सगळे श्रेय ओळखणाऱ्याला द्यायचे आणि रामानुजन यांच्या बाबतीत रचणाऱ्याला, हे कशाच्या आधारावर? मला वाटते, आधार हा आहे, की आपण काय शोधत आहोत हे रामानुजन यांना ठाऊक होते.

---

माहीमची_वादक

एवढेच नमूद करते. गुरुजींनी ती तिहाई मंचावर वाजवली आणि सम चुकली, तर समोर बसलेल्या जाणकारांपुढे मान त्यांची खाली जाईल. मी स्वतः वीस वर्षे सतारीच्या साथीला बसते आणि समेआधीच्या त्या दोन मात्रांत पोटात काय होते, हे मला माहीत आहे. नवे करून पाहणारा काहीतरी पणाला लावतो. ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही, त्याने पुढे ठेवलेल्या गोष्टीला मी सूचना म्हणेन, विचार म्हणणार नाही.

---

पवईकर

माहीमच्या ताईंचा अनुभव मी नाकारत नाही, पण पणाला लावणे ही धैर्याची कसोटी आहे, विचाराची आहे का? घरात दार बंद करून, कुणालाही न दाखवता एखाद्याने प्रमेय सिद्ध केले, तरी तो विचारच असतो.

आणि ओळखण्याबद्दल एक जुना संवाद आठवतो. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्रावर १८४३ मध्ये टिपणे लिहिताना एडा लवलेस यांनी म्हटले होते, की हे यंत्र स्वतःहून काही निर्माण करण्याचा दावा करत नाही. आपण त्याला जे करायला सांगू शकतो तेच ते करील. संगणकशास्त्राचे एक प्रवर्तक ॲलन ट्युरिंग यांनी १९५० च्या लेखात त्याला उत्तर दिले, की यंत्रे मला वारंवार आश्चर्यचकित करतात. आश्चर्य वाटणे ही पाहणाऱ्याच्याच मनाची निर्मिती आहे, असा प्रतिवाद होईल, हेही त्यांनी ओळखले होते. त्यावर त्यांचे म्हणणे असे, की समोर यंत्र असो, पुस्तक असो वा माणूस, एखादी गोष्ट आश्चर्याची आहे हे ओळखायला मनाची तेवढीच कृती लागते. म्हणजे भावकाचे श्रेय खरे असले, तरी त्यावरून रचणाऱ्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. मुलुंडच्या सरांनी रामानुजन यांच्या निमित्ताने तेच दाखवले आहे.

बाईंनी सांगितलेला गवतासकट खाण्याचा दोष मात्र खरा आहे आणि त्याचे कारणही ठाऊक आहे. या मॉडेलांच्या उत्तरांना माणसांकडून पसंती घेऊन त्यांना पुढचे वळण दिले जाते, आणि माणसांना स्वतःची स्तुती आवडते. तो घडणीतला दोष आहे. तो कायमचाच राहील असे मी धरून चालणार नाही. रामानुजन काय शोधत होते हे त्यांना ठाऊक होते, या सरांच्या वाक्याला मात्र माझ्याजवळ आज चांगले उत्तर नाही. आजची यंत्रे कुणीतरी विचारल्याशिवाय शोधायला लागत नाहीत.

---

सोळामात्रा

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या उत्तरांनंतर मी दोन गोष्टी करून पाहिल्या.

पहिली बाईंच्या मुद्द्यावर. गुरुजींनी सोळाव्या मात्रेपासून उचललेली तिहाई मी चॅटबॉटला दिली आणि सोबत मीच मुद्दाम मोडलेली दुसरी दिली, जिची सम खरोखर चुकते. कोणती चांगली, असे विचारल्यावर त्याने दोन्हींची वाखाणणी केली. पहिली सदोष आहे असे मी म्हणताच त्याने ते मान्य केले. नंतर, नव्हे, दुसरीच सदोष आहे, असे म्हटल्यावर क्षमा मागून तेही मान्य केले. पवईकरांनी कारण सांगितले आहेच, पण ते वाचणे आणि हे अनुभवणे यात अंतर आहे. अकरा वर्षांत गुरुजींनी माझ्या म्हणण्यावरून एकदाही सम हलवलेली नाही.

दुसरी गोष्ट पवईकरांच्या मोजपट्टीवरून सुचली. सम मोजायला मला प्रोग्रामची गरज नव्हती. अंधेरी ते चर्नी रोड या प्रवासात कागदावर मांडले, की हाच पाच मात्रांचा तुकडा ठेवून दोन्ही दम शून्य ते चार मात्रांपर्यंत बदलले, तर पंचवीस जोड्या होतात. समान दमांच्या पाच वगळल्या, की वीस असमान जोड्या उरतात. एकूण लांबी पाहून योग्य मात्रेपासून उचलली, तर वीसच्या वीस समेवर येतात. म्हणजे यंत्राने मला दिली ती या विसांतली एक होती आणि ती कोणीही, केव्हाही, पेन्सिलीने काढू शकला असता. मीही अकरा वर्षांत काढू शकलो असतो. असमान दम हा दोष, एवढे शिकलो होतो, म्हणून त्या बाजूला कधी पाहिलेच नाही. यंत्राने तो नियम मोडला नाही. त्याला तो नियम आहे हेच जाणवले नाही. तरीही त्यामुळेच मी तिकडे पाहिले, हे मला मान्य केले पाहिजे.

गेल्या रविवारी मी वीसही तिहाया गुरुजींपुढे एकामागून एक वाजवल्या आणि लेहरा माझ्या गुरुबंधूने धरला. सगळ्या समेवर आल्या. मोजपट्टीला त्या विसांत काहीच फरक दिसला नसता. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते आणि प्रत्येकीनंतर फक्त 'पुढे' म्हणत होते. यंत्राच्या तिहाईची उलट जोडी आली, म्हणजे पहिला दम दोन मात्रांचा आणि दुसरा एकाचा. तीही सोळाव्या मात्रेपासूनच उठते आणि तेवढीच लांब आहे. मला ती तितकीच चांगली वाटली होती. त्यांनी डोळे उघडून सांगितले, की हिच्यात शेवटी घाई झाल्यासारखे वाटते. वाजवणाऱ्याला आपण उशिरा निघाल्याचे अचानक आठवले, असा तो धा येतो.

पहिला दम तीन मात्रांचा आणि दुसरा मुळीच नाही, अशी एक जोडी होती. पहिल्या पल्ल्यानंतर तिहाई जवळजवळ सोडून दिल्यासारखी थांबते आणि मग उरलेले दोन पल्ले एकमेकांना चिकटून येतात. त्यांनी ती पुन्हा वाजवायला लावली. मग लय उतरवायला सांगून तिसऱ्यांदा वाजवायला लावली. का, हे मी विचारले. ते म्हणाले, अजून कळलेले नाही, पुढच्या रविवारी हीच घेऊन ये. मी सध्या ती लोकलमध्ये पेरांवर घोटतो आहे आणि त्या तीन मात्रांत काय आहे, हे अजून मलाही सापडलेले नाही.